मुनीम खेळायला लागला

११ जानेवारी

मुनीम आज खेळला.

आधी वाटलं, याला झटकाबिटका आला. मी दारात शिंप्याच्या शर्टांची काजं करत बसले होते. मान वर केली तर हा अंगणात पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून उभा! शेपूट तर अशी हलतेय की तुटून पडेल. समोर कोण? जावेचं शेळीचं पिल्लू. ठमी.

ऑगस्टात हे गेले. कामावर, गोदामातच. पोत्याला टेकून बसले ते उठलेच नाहीत. निरोप तिथे पोती तोलणाऱ्या काटेवाल्याने आणला. त्याच्या मागोमाग हा कुत्राही आला. गोदामाच्या पहाऱ्याला रोज यांच्यासोबत असायचा. पोत्यांच्या वजनाकडे टक लावून बसायचा म्हणून तिथल्या लोकांनी मुनीम नाव ठेवलेलं. तेव्हापासून आमच्या उंबऱ्याशी पडून आहे. घातलं तर खाणार, नाही तर नाही. कुणी हाक मारली तर एक डोळा उघडणार.

खरं सांगते, मला बरं वाटायचं. लेक आली, रडली, सासरी गेली. दीर रडले, कामाला लागले. जाऊ रडली की नाही, आठवत नाही. मुनीम मात्र हलला नाही. वाटायचं, या घरात आपण दोघं तरी आहोत.

आणि आज हा एका शेळीच्या पोरीपुढे ढुंगण वर करून नाचतोय.

बेइमान!

१२ जानेवारी

आजही. मी दार लावून घेतलं.

१६ जानेवारी

दार लावून काजं होत नाहीत. उजेड पुरत नाही. दोन शर्टांची उसवावी लागली. शिंपी म्हणाला, "काय ताई, हात थरथरायला लागला की काय?" म्हणून उघडलं. उघडलं म्हणजे दिसणारच.

ठमीची आई विताना मेली. जाऊ हिला बाटलीने दूध पाजते. कडेवर घेऊन फिरते, पदराने तोंड पुसते, "माझी बाय ती" म्हणते. जावेला मूलबाळ नाही, म्हणून कुणी काही बोलत नाही. मीही नाही.

तर खेळ असा. मुनीम पुढचे पाय टेकतो, डोकं खाली करतो. कुत्र्यांमध्ये याचा अर्थ, चल, खेळू. पण ठमी पडली शेळी. तिच्यात डोकं खाली केलं म्हणजे, ये, टक्कर दे! ती मागच्या पायांवर उभी राहते आणि येऊन धाडकन त्याच्या कपाळावर आदळते. हा दचकतो. शिंकतो. पहिल्यांदा तर इतका गोंधळला की मागे वळून भिंतीकडे बघत बसला. मग त्याला वाटलं असेल, बरं बाबा, असं तर असं. आता तो स्वतःच कपाळ पुढे करतो. टक्कर खातो, गोल पळत सुटतो, ती मागे. मग ती थांबते, त्याला वाटतं आपली पाळी. तो मागे लागतो, तर ही धुणं धुवायच्या दगडावर चढून बसते. तो खालून भुंकतो. ती वरून त्याच्याकडे बघते. सासूबाई बघायच्या तशी.

दोघांनाही एकमेकांचं काही म्हणता काही कळलेलं नाही. खेळ मात्र रंगलाय.

आमच्याही घरात कुणाला कुणाचं काही कळलं नाही. जन्म गेला. खेळ काही झाला नाही.

२० जानेवारी

वाचनालयात गेले होते. बाईंना म्हटलं, प्राणी खेळतात त्यावर काही पुस्तक आहे का?

"नातवंडांसाठी का?"

"नाही. मला हवंय."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पण शोधून दिलं. जाड आहे. मला वेळ लागतो. वाचायला मी लग्नानंतर शिकले. काजांचे कपडे ज्या जुन्या वर्तमानपत्रात बांधून यायचे, ते आधी अक्षर लावून, मग शब्द लावून. यांनी कधी अडवलं नाही, कधी "वा" पण म्हटलं नाही. एवढंच म्हणायचे, "डोळे जातील." डोळे शाबूत आहेत. हेच गेले.

पुस्तकात म्हटलंय, मोठं जनावर लहानाशी खेळताना आपला जोर आवरतं. मधेच आपण होऊन खाली पडतं, लहानाला वर चढू देतं. नाही तर लहान पुन्हा खेळायला येत नाही. खरं आहे. मुनीम चारी पाय वर करून पडतो आणि ती पोरटी त्याच्या पोटावर उभी राहते.

या घरात आपण होऊन कोण खाली पडलं कुणासाठी? सासऱ्यांनी जेवताना ताट सरकवलं की आम्ही सगळ्या उभ्या. नव्या नवलाईत मी एकदा पत्त्यांचा जोड आणला होता. हे म्हणाले, "पोरखेळ." झालं. संपला विषय. नंतर ते पत्ते मी चुलीत घातले.

आणखी एक वाक्य आहे पुस्तकात. पुन्हा पुन्हा वाचलं. भ्यालेलं, आजारी, उपाशी जनावर खेळत नाही. खेळतंय म्हणजे त्याचं बरं चाललंय असं समजावं.

म्हणजे याचं बरं चाललंय.

२५ जानेवारी

लेकीचा फोन.

"आई, मुनीम बरा आहे ना गं?"

"खेळतो."

"अय्या! खेळतो? कुणाशी? फोटो काढ ना!"

"मालक मरून वर्ष झालं नाही त्याचा."

"आई! कुत्रा आहे तो."

"म्हणून तर बोलतेय. माणसांकडून मी धरलीच नव्हती आशा."

तिला लागलं असणार. लागू दे. मग हळूच म्हणाली, "तू जेवलीस का?" मी म्हटलं, "हो." जेवले नव्हते. भाजी चिरलेली तशीच पडून होती.

३० जानेवारी

आता तमाशाच झालाय! संध्याकाळी कुंपणाशी माणसं उभी राहतात. इस्त्रीवाला गाडी सोडून येतो. "मावशी, तिकीट लावा. मी दारावर बसतो." समोरची म्हातारी नातवाला घेऊन येते, तिलाच जास्त बघायचं असतं.

आज ठमीने टक्कर द्यायला उडी घेतली आणि हा ऐन वेळी बाजूला झाला. ती गेली ती थेट जावेच्या वाळत घातलेल्या साडीत. साडीसकट पळाली. मागे कुत्रा, त्याच्या मागे जाऊ, तिच्या मागे इस्त्रीवाला, "वहिनी, मी इस्त्री करून देतो, मी करून देतो!" सगळे पोट धरून हसले. दीरसुद्धा. या घरातले पुरुष हसतात हे मी विसरूनच गेले होते. यांना मी मोठ्याने हसताना ऐकलं नाही. अगदी लेकीच्या लग्नातही नाही. ओठ हलायचे थोडे. फोटोत तेवढंही नाही.

जाऊ धापा टाकत माझ्यापाशी आली. "ताई, तुमच्या कुत्र्याने आमच्या पोरीला पार बिघडवली. बाटली अर्धी टाकून पळते हो. माझ्याकडे थांबतच नाही."

"मग पोरीला घरात बसव."

ती हसली. मी गंमत करतेय असं वाटलं तिला.

४ फेब्रुवारी

दुपारी भाकर दुधात कुस्करून मुनीमला हाक मारली. तो जावेच्या दाराशी उन्हात पडला होता, ठमी त्याच्या मानेवर हनुवटी टाकून झोपलेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. शेपूट एकदा जमिनीवर आपटली. उठला नाही. ती जागी होईल म्हणून.

उंबऱ्याशी त्याच्या अंगाचा डाग पडलाय फरशीवर. इतके महिने पडून होता तिथे. आता तिथून ये-जा करताना ओलांडावं लागत नाही.

यांची अशी मी एकटीच राहिले आता. चिडून लिहीत नाहीये, जे आहे ते लिहितेय.

नाही, चिडूनच लिहितेय.

८ फेब्रुवारी

जावेची किंकाळी ऐकली आणि हातातली सुई टाकून धावले. ठमीचा डावा कान फाटलेला, रक्त गळतंय, तोंडाजवळचे केस सगळे लाल. मुनीम तिचा कान चाटत होता. त्याच्याही तोंडाला रक्त.

दीर आतून काठी घेऊन आले. दोन बसल्या त्याच्या पाठीत. तो पळाला नाही, केकाटला पण नाही. जमिनीला चिकटून राहिला.

"वहिनी, जनावर ते जनावर. एकदा रक्ताची चव लागली की संपलं. दादा असता तर त्यानेच दूर केलं असतं."

"आज कान, उद्या गळा," जाऊ म्हणाली. ठमीला छातीशी आवळून धरलं होतं, ब्लाऊज रक्ताने भरलेला. "ताई, मी पाया पडते तुमच्या. याला घालवा कुठेतरी."

नळाजवळ कुंपणाची जाळी तुटलीय, तारेची टोकं बाहेर आलीत. एका टोकाला पांढऱ्या केसांचा पुंजका होता. ओला. लाल. मला उभी होते तिथून स्पष्ट दिसत होता. ठमी दगडावरून उडी मारून तिथूनच पळते, रोज.

दोघं माझ्याकडे बघत होती. मी तारेकडे.

मग म्हटलं, "काटेवाल्याला सांगा. गोदामाला कुत्रा लागतोच. घेऊन जाऊ दे."

९ फेब्रुवारी

का बोलले नाही?

आजच लिहून ठेवते. उद्या मीच मला काहीतरी चांगलंचुंगलं कारण सांगेन. जावेची भीती होती, घरात वाद नको, मोठ्या जाऊबाईने समजून घ्यायचं. तसलं काही नाही. तो सुखात होता आणि मला ते बघवत नव्हतं. एवढंच कारण.

११ फेब्रुवारी

काटेवाला टेम्पो घेऊन आला. केस सगळे पांढरे झालेत त्याचे. आत ये म्हटलं, चहा घे म्हटलं, आला नाही. "मामी, गाडी भरायची आहे." खरं म्हणजे यांच्या फोटोसमोर बसायचं नसेल त्याला. लोकांना नसतं बसायचं. मीही आता आग्रह करत नाही.

वाटलं होतं, मुनीम हिसके देईल, मागे बघेल. कसलं काय! काटेवाल्याला बघताच अंगावर उड्या, कुंई कुंई, टेम्पोचं फळकुट पाडायच्या आत वर चढून बसला. मान पुढे. गाडी सुटली तरी मान पुढेच.

दीर म्हणाले, "बघा, इमान म्हणे कुत्र्याला!"

माझं त्यांच्याशी पहिल्यांदा एकमत झालं.

१२ फेब्रुवारी

उंबरा झाडून घेतला. सोपं जातं आता.

१६ फेब्रुवारी

ठमी दूध पीत नाही. जाऊ बाटली तोंडाशी धरते, ती मान फिरवते. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. कान भरून येतोय म्हणाला, ताप नाही, पोट साफ. "बाकी मला तरी काही दिसत नाही, बाई."

सकाळी ठक्क आवाज आला. दार उघडलं. ठमी. मागच्या पायांवर उभी राहून माझ्या दाराला टक्कर देत होती. मला बघून थांबली. माझ्या पायांमधून आत डोकावली. मग पुन्हा दाराला.

मी "हाड्" म्हटलं. कुत्र्याला म्हणतात तसं. शेळीला काय म्हणतात कोण जाणे.

१८ फेब्रुवारी

आजही ठक्क. ठक्क. काजं आज केलीच नाहीत.

१९ फेब्रुवारी

जेवण झाल्यावर जाऊ आली. या घरात येऊन इतकी वर्षं झाली तिला, माझ्या खोलीत अशी खाली कधी बसली नव्हती. दाराशीच उभी राहून बोलायची. आज बसली, आणि फरशीवर बोट फिरवत राहिली. ठमीचे डोळे खोल गेलेत म्हणाली. हाडं लागतात हाताला, म्हणाली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "कान त्याने नाही फाडला. नळाजवळच्या तारेने फाटला. केस अडकलेले होते. मी पाहिले होते."

म्हटलं, आता ही केस उपटते माझे. ऐकून घ्यायची तयारी केली होती मी.

ती मान खाली घालून म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी समोरच होते, ताई. अडकली तेव्हा मीच ओरडले. तो धावत आला आणि चाटायला लागला. मग हे काठी घेऊन आले आणि… मी नाही काही बोलले."

"अगं, मग का?"

"तुम्ही का नाही बोललात?"

विचारलं आणि रडायलाच लागली. "माझ्याकडे एवढंच एक आहे हो. बाटली मी देते, अंग मी पुसते, आणि ती उठसूट त्याच्याकडे! हाक मारली तर वळून बघायची नाही. वाटलं, हा गेला की येईल माझ्याकडे. आता कुणाकडेच जात नाही. तुमचं दार तेवढं फोडते."

इतकी वर्षं एका अंगणात काढली. चुलीवरून भांडलो, पाण्यावरून भांडलो, दोरीवर कुणाचं धुणं आधी यावरून तर सासूबाई जाईपर्यंत भांडलो. एकीसारखी दुसरी आहे हे कळायला एक कुत्रा घालवावा लागला.

"तू चांगली ओरडतेस हं," मी म्हटलं. "मी सुई टाकून पळाले."

रडता रडता हसली. मग नाक पुसून म्हणाली, "त्याला आणा, ताई. माझं तोंड नाही जायला. यांना मी सांगते काय सांगायचं ते."

"आणि भाऊजींनी पुन्हा काठी उचलली तर?"

"तर तीच काठी मी उचलेन."

उद्या जाते. खरं तर पाय उचलत नाही. हे गेले तेव्हाही मी तिथे गेले नव्हते, घरीच आणलं होतं यांना. त्याआधी कधी जायचा प्रश्नच आला नाही.

२० फेब्रुवारी

मुनीमला घरी आणला. ठमीने आल्या आल्या कपाळावर टक्कर दिली, मग अख्खी बाटली संपवली. जावेच्या मांडीवर.

गोदामात गेले तेव्हा काटेवाला म्हणाला, "मामी, बरं झालं आलात. याचं इथे जमेना. आला त्या दिवशी टेम्पोतून उडी मारली ती थेट आत. एकेका थप्पीच्या मागे जाऊन आला. सगळं गोदाम. संध्याकाळपर्यंत. मामांना शोधत होता."

"थप्पीमागे का?"

हमाल हसायला लागले. म्हणे, जेवणाची सुट्टी झाली की मामा पोत्यांच्या थप्पीमागे लपायचे आणि मुनीम त्यांना हुडकायचा. सापडले की "भो!" करून अंगावर यायचे. कधी मांजराचा आवाज काढायचे, कधी मालकाचा. हसून हसून उचकी लागायची मामांना, पाणी द्यावं लागायचं. एकदा तर हसता हसता थप्पीवरून खाली पडले. गोदामाबाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जायचं त्यांचं हसणं.

मी ऐकत उभी राहिले. हातात मुनीमची दोरी.

काटेवाल्याने डोळे पुसले. "घरीही असेच असतील ना मामा?"

"हो," मी म्हटलं. "रोज."